पांढरा बैल, काळी म्हैस आणि डोक्यावरचं ऊन : रखरखीत उजेडात एक्स्पोजर कसं सांभाळायचं

मे महिन्यातली दुपार, मोकळं रान. पांढराशुभ्र खिल्लार बैल आणि त्याच्या शेजारी काळीभोर पंढरपुरी म्हैस, दोघंही एकाच उन्हात उभे आहेत. कॅमेरा ऑटोवर ठेवून बैलाचा फ्रेमभर फोटो काढा. बैल मळकट राखाडी येईल. आता म्हशीचा काढा. तीही राखाडीच येईल, वर तिच्या पाठीमागचं आकाश पांढरंफटक. ऊन तेच, जागा तीच, तरी दोन फोटोंच्या एक्स्पोजरमध्ये, म्हणजे फोटोला मिळालेल्या उजेडात, चार-पाच स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) फरक पडलेला असतो आणि दोन्ही फोटो चुकलेले असतात.

कॅमेरा बिघडलेला नसतो. त्यातलं मीटर वस्तूवरून परत आलेला उजेड मोजतं, वस्तूवर पडलेला नाही. शिवाय समोर जे काही आहे ते सरासरी मध्यम करड्या रंगाचं आहे असं ते धरून चालतं. म्हणून पांढऱ्याला ते खाली ओढतं आणि काळ्याला वर. आजकालची मीटर फ्रेमचे भाग पाडून थोडी हुशारी करतात, पण मुळातला स्वभाव हाच. हा स्वभाव एकदा कळला की उन्हातलं निम्मं काम झालं.

उरलेलं निम्मं काम म्हणजे काय सोडायचं ते ठरवणं. उन्हातली पांढरी भिंत आणि तिच्याच पडवीतला काळोख आपल्या डोळ्यांना एकाच वेळी दिसतो, कारण नजर इकडून तिकडे फिरताना बुबुळ आणि मेंदू जुळवून घेत राहतात. सेन्सर तसं करत नाही, त्याला एकाच झटक्यात सगळं टिपायचं असतं. चांगला कॅमेरा मूळ आयएसओला (उजेडासाठीची सेन्सरची मूळची संवेदनशीलता) साधारण १२ ते १४ स्टॉपचा पल्ला धरतो खरा, पण त्यातले सर्वांत काळोखे दोन-तीन स्टॉप उजळायला गेलात की दाणे दिसू लागतात. जेपेगमध्ये हा पल्ला आणखी आखडतो. (शटर १/२५० सेकंदावरून १/५०० ला गेलं तर एक स्टॉप कमी, ॲपर्चर (लेन्सचं भोक) एफ/८ वरून एफ/५.६ ला आलं तर एक स्टॉप जास्त.) दृश्याचा पल्ला कॅमेऱ्याच्या पल्ल्याबाहेर गेला की काहीतरी हातचं जाणारच. काय जाईल, हे कॅमेऱ्याने ठरवू नये, तुम्ही ठरवा.

घरून निघण्याआधीची मांडणी

हे पाच मिनिटांचं काम आहे. उन्हात स्क्रीन दिसत नसताना मेनू धुंडाळण्यापेक्षा घरीच उरका.

१. फाइल रॉ (सेन्सरने टिपलेला कच्चा माल) ठेवा. जेपेग प्रत्येक रंगाला ८ बिट देतं, म्हणजे २५६ पायऱ्या. रॉ १२ किंवा १४ बिटचं असतं, म्हणजे ४,०९६ किंवा १६,३८४. सावली उजळायची वेळ येते तेव्हा या पायऱ्या उपयोगी पडतात. कार्डावर जागा असेल तर दोन्ही एकदम घ्या.

२. आयएसओ १०० (काही कॅमेऱ्यांत मूळ आयएसओ ६४, १६० किंवा २०० असतो, तुमच्या मॉडेलचा बघून घ्या). 'लो' नावाखाली मिळणारा आयएसओ ५० सहसा खरा नसतो. त्यात सेन्सर १०० लाच टिपतो आणि मग आकडे खाली ओढले जातात, त्यामुळे उजेडाच्या टोकाला एक स्टॉप कमी मिळतो. उन्हात नेमका तोच हवा असतो.

३. हायलाइटची सूचना चालू करा. कॅननमध्ये 'हायलाइट अलर्ट', निकॉनमध्ये प्लेबॅक डिस्प्लेच्या पर्यायांत 'हायलाइट्स', सोनीत 'झेब्रा' (पातळी १००+). फोटोतला जो भाग पांढरा पडून उडाला आहे तो काळा-पांढरा लुकलुकतो. झेब्रात तर फोटो काढायच्या आधीच त्यावर तिरपे पट्टे दिसतात.

४. हिस्टोग्राम (डावीकडे काळोख, उजवीकडे उजेड, कुठे किती ते दाखवणारा आलेख) तिन्ही रंगांचा ठेवा, फक्त पांढरा एकटा नको. का, ते पुढे जेजुरीच्या भंडाऱ्याच्या वेळी कळेल.

५. कॅमेऱ्यातली सावली उजळणारी यंत्रणा बंद करा. निकॉनचं ॲक्टिव्ह डी-लायटिंग, कॅननचं ऑटो लायटिंग ऑप्टिमायझर, सोनीचं डीआरओ ही ती नावं. जेपेगवाल्यांना त्यांचा फायदा होतो. रॉवाल्यांना मात्र ती हिस्टोग्राम वेगळा दाखवून चकवतात, आणि ॲक्टिव्ह डी-लायटिंग तर मीटरचं गणितही थोडं हलवतं. पिक्चर स्टाइल 'न्यूट्रल' किंवा 'फ्लॅट' ठेवा. स्क्रीनवरचं चित्र मरगळलेलं दिसेल, पण हिस्टोग्राम खऱ्याच्या जवळ येईल.

स्क्रीनचा उजेड ऑटोवर ठेवू नका. आणि भर उन्हात स्क्रीनकडे बघून 'फोटो काळा आला' असा निर्णय तर कधीच घेऊ नका. उन्हात स्क्रीन काळीच दिसते. नवशिक्या माणूस मग एक्स्पोजर वाढवत नेतो आणि घरी आल्यावर सगळं आकाश उडालेलं सापडतं. डोक्यावर पंचा घेऊन त्याच्या सावलीत हिस्टोग्राम बघा. हसतील लोक, हसू दे.

उन्हाचा पाढा

मीटर नव्हतं किंवा महाग होतं त्या काळापासूनचा एक पाढा आहे : निरभ्र आकाश, तुमच्या पाठीमागून किंवा बाजूने पडलेलं ऊन असेल तर ॲपर्चर एफ/१६ आणि शटर १ भागिले आयएसओ. आयएसओ १०० असेल तर १/१००. त्यावरून बाकीचं :

एफ/१६ – १/१००
एफ/११ – १/२००
एफ/८ – १/४००
एफ/५.६ – १/८००
एफ/४ – १/१६००
एफ/२.८ – १/३२००

हे सगळं एकच एक्स्पोजर आहे. पातळ ढग आले तर एक स्टॉप वाढवा, झाकोळलं तर दोन, घराच्या किंवा झाडाच्या मोकळ्या सावलीत साधारण तीन. पाढ्याचा खरा उपयोग असा की तो वस्तूचा रंग बघत नाही. बैलालाही तोच, म्हशीलाही तोच.

ही गोष्ट पडताळून बघता येते. स्पॉट मीटर (फ्रेमच्या एका ठिपक्यापुरताच उजेड मोजणारं) बैलाच्या उन्हातल्या पाठीवर ठेवा. आयएसओ १०० आणि एफ/८ ला मीटर साधारण १/२००० च्या आसपास सांगेल. ते चूक आहे, कारण ते पांढऱ्याला करडं करायला निघालंय. त्यात २ ते २ १/३ स्टॉप वाढवा : १/१०००, १/५००, आणि मग १/४००. पाढ्यातला आकडा आला. आता म्हशीच्या अंगावर मोजा. मीटर १/१२५ किंवा त्याहूनही मंद शटर सांगेल. तिथून दीड-दोन स्टॉप कमी केलं की पुन्हा ४०० च्या शेजारी.

यात हाताने करायची थोडी दुरुस्ती उरते. पाठीवरच्या केसांची नक्षी नीट हवी असेल तर बैलाला १/५०० द्या. म्हशीचं अंग तुकतुकीत असतं, त्यावर ऊन चमकतं आणि बाकीचं काळं मिटतं. तिला १/३२० किंवा १/२५० दिलेलं चांगलं. दोघं एका फ्रेममध्ये असतील तर बैलाचं ऐका. बैल उडाला तर परत येत नाही. म्हैस काळी राहिली तर घरी थोडी उजळता येते.

फिल्मच्या जमान्यात नेमकं उलटं शिकवलं जायचं. ॲन्सल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या सुमारास मांडलेल्या झोन पद्धतीत निगेटिव्हचं एक्स्पोजर सावलीवरून ठरतं आणि उजेडाचा भाग डेव्हलपिंगमध्ये सांभाळला जातो. निगेटिव्हवर सावली नोंदली गेली नाही तर ती पुन्हा मिळत नाही, उजेड मात्र बराच ताणता येतो. सेन्सरचं गणित उलट आहे. प्रत्येक पिक्सेल म्हणजे एक भांडं समजा. भरून वाहिलं की पुढचं काही मोजलं जात नाही, तळाशी थोडं असेल तर निदान तेवढं तरी असतं. जुन्या वर्गात शिकलेले काका 'सावलीवर मोज' म्हणाले तर त्यांचं चूक नाही, त्यांचा माल वेगळा होता.

मोड कोणता

उजेड स्थिर असेल तर मॅन्युअल. नवख्यांना मॅन्युअलची भीती वाटते, पण स्वच्छ उन्हात तोच सगळ्यात सोपा मोड आहे. दिवेघाटात पालखीसोबत चालताय असं समजा : समोरून पांढऱ्या सदऱ्यांची दिंडी येते, मागोमाग हिरव्या-जांभळ्या लुगड्यांतल्या बायका, मध्येच काळी छत्री. ॲपर्चर प्रायॉरिटीवर (ॲपर्चर तुमचं, शटर कॅमेऱ्याचा) प्रत्येक फ्रेमला मीटर वेगळं बोलेल. मॅन्युअलवर एकदा पांढऱ्या सदऱ्यावरून बसवलंत की ऊन बदलेपर्यंत हात लावायचा नाही.

आषाढात मात्र ढगांची ये-जा असते. तेव्हा हाच ॲपर्चर प्रायॉरिटी, म्हणजे ए (कॅननवर एव्ही) मोड घ्या आणि एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनने (मीटरच्या आकड्यात मुद्दाम केलेली वाढ-घट) चालवा. सदऱ्यांनी फ्रेम भरली असेल तर +१ ते +१ २/३, काळा कातळ किंवा काळी गर्दी असेल तर –२/३ ते –१, आकाश मोठं असेल तर लुकलुक बघून ठरवा. मीटरिंग नेहमीचंच राहू द्या (मॅट्रिक्स, इव्हॅल्युएटिव्ह किंवा मल्टी, कंपनीप्रमाणे नाव). स्पॉट फक्त मोजण्यापुरतं घ्या. त्यातही एक खोच आहे : निकॉनमध्ये स्पॉट निवडलेल्या फोकस पॉइंटपाशी मोजतं, कॅननच्या बहुतेक मॉडेलांत ते फ्रेमच्या मधोमधच मोजतं. निकॉनच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत, २०१४ च्या डी८१० पासून, 'हायलाइट-वेटेड' मीटरिंगही आहे. ते आपणहून सर्वांत उजळ भाग वाचवतं. काळ्या रंगमंचावर ते चांगलं, उन्हात कधीकधी उगाच जास्तच काळोख करतं.

जागेवर

क्रम असा ठेवा.

आधी कॅमेरा खाली धरून बघा : सर्वांत उजळ काय आहे, आणि त्यात तपशील हवाय का? सूर्याचं बिंब, तांब्यावरची चमक, गाडीच्या काचेवरची तिरीप, पाण्यावरचे हिरे हे सगळं उडू दे. तिथे डोळ्यालाही काही दिसत नाही. सदरा, ढग, चुन्याची भिंत, गाल आणि कपाळ यांना मात्र उडू द्यायचं नाही.

मग पाढ्याने किंवा स्पॉटने एक आकडा घ्या, एक फोटो काढा, लुकलुक बघा. महत्त्वाच्या भागात लुकलुक असेल तर १/३ किंवा २/३ स्टॉप कमी करा आणि पुन्हा बघा. काहीच लुकलुकत नसेल आणि हिस्टोग्रामच्या उजव्या भिंतीपर्यंत बरीच मोकळी जागा दिसत असेल, तर वाढवा. भिंतीला टेकत आलं पण आदळलं नाही, तिथे थांबा. इतकं उजवीकडे जायचं कारण सावलीत आहे : जास्त उजेड पडला की तिथे दाणे कमी येतात.

हिस्टोग्राम रॉमधून निघत नाही, कॅमेऱ्यातल्या जेपेगवरून निघतो. त्यामुळे लुकलुक सुरू झाली तरी रॉमध्ये बऱ्याचदा अर्धा ते एक स्टॉप शिल्लक असतो. किती, ते प्रत्येक मॉडेलचं वेगळं. घरी पांढरा टॉवेल उन्हात वाळत घाला, १/३ स्टॉपने वाढवत दहा फोटो काढा आणि संगणकावर बघा कुठपर्यंत धागे परत येतात. तासाभरात तुमच्या कॅमेऱ्याचा स्वभाव कळेल, आणि हे ज्ञान कुठल्याही परीक्षणात मिळत नाही.

जेजुरीचा भंडारा

इथे पक्के लोकही फसतात. सोमवती अमावस्येला पायऱ्यांवर भंडारा उधळला जातो. हळदीचा पिवळा, त्यावर ऊन. पांढरा एकटा हिस्टोग्राम बघितला तर सगळं आलबेल दिसतं. संगणकावर मात्र भंडारा एकसलग पिवळा रंग थापल्यासारखा येतो. कण नाहीत, भुकटीचे ढग नाहीत, चेहऱ्यावर चिकटलेली भुकटी म्हणजे नुसता डाग.

झालेलं असं असतं : हळदीच्या पिवळ्यात लाल भरपूर, हिरवा बराच आणि निळा जवळजवळ नाहीच. तिन्हींची सरासरी मधे दिसते, पण लाल एकटा केव्हाच भिंतीवर आदळलेला असतो. म्हणून तीन रंगांचा हिस्टोग्राम. लाल रेघ भिंतीला टेकली की २/३ ते १ स्टॉप कमी करा. झेंडूचे हार, भगवे झेंडे, कुंकू, गुलाल यांनाही हाच नियम लागू. पिक्चर स्टाइल 'व्हिव्हिड' असेल तर स्क्रीनवर रंग आणखी लवकर फुटताना दिसतो, त्यासाठीही ती 'न्यूट्रल' बरी. आणि भंडाऱ्यात लेन्स बदलू नका. तो एक्स्पोजरचा विषय नाही, पण सांगितलेलं बरं.

लोहगडाच्या दरवाजातून

गडाच्या दरवाजाच्या कमानीतून बाहेरचं दृश्य प्रत्येकाला हवं असतं. लोहगडावर असे चार दरवाजे ओळीने लागतात : गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा. आतला दगड काळा बेसॉल्ट, सावलीत. बाहेर भर ऊन. बाहेरचं एक्स्पोजर एफ/८ आणि १/४०० असेल तर आतली भिंत नीट दिसायला १/१३ किंवा १/६ लागतं. म्हणजे पाच-सहा स्टॉपचा फरक, आणि कोपऱ्यात त्याहून जास्त.

पहिला उपाय, आत काळंच ठेवा. बाहेरचं बरोबर घ्या, कमान काळ्या चौकटीसारखी येऊ द्या. त्यात चालणारा माणूस नुसत्या आकारात दिसेल, तेव्हा तो बाजूने दिसेल असा क्षण धरा. समोरून येणारा माणूस म्हणजे काळा ठोकळा.

दुसरा, माणसाला हलवा. त्याला उंबऱ्यापाशी, सावलीतच पण बाहेरच्या उजेडाकडे तोंड करून उभं करा, आणि तुम्ही बाहेरून किंवा बाजूने घ्या. आता चेहऱ्यावर मऊ उजेड आहे, मागे काळोख आहे आणि फ्रेममध्ये ऊनच नाही. फरक सहा स्टॉपवरून दोनावर आला. खिशातून एक पैसा न जाता. नवीन माणसाने आधी हाच शिकावा.

तिसरा उपाय ब्रॅकेटिंगचा : एकाच फ्रेमचे वेगवेगळ्या एक्स्पोजरचे फोटो घेऊन नंतर जोडणं. या दरवाजासाठी दोन-दोन स्टॉपच्या अंतराने पाच : १/१६००, १/४००, १/१००, १/२५, १/६. काही गोष्टी चुकवू नका. फक्त शटर बदलू द्या. ॲपर्चर बदललं तर प्रत्येक फोटोत धूसरपणा वेगळा येतो आणि जोडकाम फसतं. फोकस एकदा लावून मॅन्युअलवर टाका. व्हाइट बॅलन्स (रंगांचा निळा-पिवळा तोल) स्थिर ठेवा. ट्रायपॉड नसेल तर भिंतीला पाठ टेकून, सलग शूटिंग मोडवर एका दमात पाचही घ्या. पण १/६ हातात हमखास हलतं. अशा वेळी आयएसओ ४०० करून तो फोटो १/२५ वर आणा आणि मालिका तशी पुढे सरकवा. वाऱ्यावर हलणारं गवत किंवा चालती माणसं असतील तर जोडल्यावर भुतं दिसतात. जोडताना 'डीघोस्ट' वापरता येतं, तरी गर्दीत हा मार्ग टाळलेलाच बरा.

लेण्यांचंही हेच गणित, पण तिथे वेळ निवडता येते. कार्ल्याचं चैत्यगृह पश्चिमाभिमुख आहे. दुपार कलल्यावर ऊन आत शिरतं आणि आत-बाहेरचा फरक आपोआप कमी होतो. सकाळी गेलात तर आत अंधार आणि बाहेर लखलखाट. अजिंठ्याच्या चित्रांवर फ्लॅशला बंदी आहे, ती पाळा. तिथे आयएसओ चढवण्याला पर्याय नाही, आणि बाहेर आल्यावर तो उतरवायला विसरू नका.

दुपारचे चेहरे

मेच्या मध्यावर पुण्या-मुंबईत सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो हाच. अशा उन्हात कपाळ आणि नाक चमकतं आणि डोळ्यांच्या खोबणीत काळोख बसतो. गांधी टोपीला कड नसल्याने ती चेहऱ्यावर सावली टाकत नाही, पण डोक्यावरून घेतलेला पदर किंवा मोठं पागोटं अर्धा चेहरा झाकोळून टाकतं.

सावलीत न्या. पण कुठली सावली? वडाखालची ठिपक्याठिपक्यांची नको. गालावर कवडसा पडला तर तो तीन स्टॉप जास्त उजळ असतो आणि कुठल्याच एक्स्पोजरने तो फोटो वाचत नाही. घराची पडवी, देवळाची ओसरी, एसटी स्टँडची शेड या चालतील. माणूस सावलीच्या काठाशी, तोंड मोकळ्या आकाशाकडे. आणि मागे ऊन येणार नाही असं बघा. चेहरा सावलीत आणि मागची भिंत उन्हात असली की तीच तीन स्टॉपची दरी पुन्हा समोर येते, फक्त बाजू बदलून.

सावलीच नसेल तर ऊन पाठीवर घ्या आणि समोरून उजेड परतवा. त्यासाठी स्टेशनरीच्या दुकानातलं पांढऱ्या थर्माकोलचं शीट पुरेसं आहे. ते चेहऱ्यापासून तीन-चार फुटांवर, छातीच्या उंचीला, थोडं बाजूला धरा. अगदी खालून धरलं तर हनुवटी उजळते आणि माणूस भुतासारखा दिसतो. चंदेरी रिफ्लेक्टरने चेहरा जास्त उजळतो, पण समोरच्याचे डोळे मिटतात.

फ्लॅश वापरायचा तर आकडे असे : आयएसओ १००, एफ/११, १/२००, फ्लॅश कॉम्पेन्सेशन –१. एफ/११ का? कारण बहुतेक कॅमेऱ्यांचा फ्लॅशसोबतचा सर्वांत वेगवान शटर १/२०० किंवा १/२५० असतो, आणि पाढ्यात १/२०० च्या समोर एफ/११ च आहे. मागचं धूसर करायला एफ/२.८ हवं असेल तर हाय स्पीड सिंक (त्याहून वेगवान शटरलाही फ्लॅश चालवणारी सोय) लागतं, आणि त्यात फ्लॅशची ताकद बरीच घटते. कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश मग दोन-तीन फुटांपलीकडे काही करत नाही.

त्याच धाग्यातली आणखी एक गल्लत : एफ/१.८ ची स्वस्त आणि मस्त लेन्स घेतली जाते आणि भर उन्हात पूर्ण उघडून वापरली जाते. पाढ्याने तिथे १/८००० लागतो. बऱ्याच कॅमेऱ्यांचा शटर १/४००० लाच संपतो. आकडा लुकलुकून कॅमेरा सांगत असतो, आपण बघत नाही, आणि सगळे फोटो एक स्टॉप ओव्हर येतात. एफ/२.८ करा किंवा एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काळसर काच) लावा.

पावसाळा आणि संध्याकाळ, थोडक्यात

सह्याद्रीत पावसाळ्यात ऊन नसतं, तरी आकाश पांढरं आणि कातळ ओला काळा. सर्वांत स्वस्त उपाय, फ्रेममधून आकाशच काढून टाका. हवंच असेल तर ग्रॅज्युएटेड एनडी फिल्टर (वरचा भाग काळसर, खालचा पारदर्शक), दोन किंवा तीन स्टॉपचा (०.६ किंवा ०.९), मऊ कडेचा. कडक कडेचा समुद्रावर ठीक, डोंगरावर सुळक्याचा शेंडा काळा पडतो. धुकं असेल तर मीटर त्याला करडं करतं, +२/३ ते +१ १/३ द्या. ओल्या पानांची चकाकी पोलरायझरने जाते, त्यात एक ते दोन स्टॉप उजेड खर्ची पडतो.

सूर्यास्ताला मीटर सूर्यावर ठेवू नका, त्याच्या बाजूच्या आकाशावर ठेवा, एईएल (एक्स्पोजर लॉक) बटणाने धरा, मग फ्रेम लावा. ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमधून टेलिलेन्सने सूर्याकडे बघू नका, डोळ्याला इजा होते. बिंब बुडाल्यावर सगळे उठून निघतात. नेमकी त्यानंतरची पंधरा-वीस मिनिटं आकाश आणि जमीन यांच्यातला फरक कमी होतो आणि एका फोटोत दोन्ही बसतात.

मोबाइलवर ॲपर्चर सहसा बदलत नाही आणि फोन स्वतःच अनेक फ्रेम जोडून पल्ला वाढवतो. तुम्ही एवढंच करा : उजळ भागावर बोट दाबून धरा, एक्स्पोजर लॉक झालं की सूर्याचं चिन्ह किंचित खाली ओढा. लेन्स आधी सदऱ्याला पुसा. बोटाचा तेलकट ठसा असेल तर उन्हात सगळं चित्र दुधाळ होतं आणि लोक दोष एक्स्पोजरला देतात.

संगणकावर

लाइटरूम असो वा दुसरं काही, क्रम महत्त्वाचा. आधी 'एक्स्पोजर'ने मधले भाग बसवा, चेहरा किंवा जमीन. मग 'हायलाइट्स' उणे ४० ते ७०. मग 'शॅडोज' अधिक ३० ते ५०. शेवटी 'ब्लॅक्स' उणे १० च्या आसपास, म्हणजे काळ्याला काळेपण परत मिळतं. ही शेवटची पायरी गाळली की सगळं राखेत लोळवल्यासारखं दिसतं. 'शॅडोज' पूर्ण १०० पर्यंत ओढला तर कातळात दाणे येतात आणि डोंगराच्या कडेने पांढरी आभा दिसते.

उजळलेली सावली निळी पडते, कारण तिच्यावर उन्हाचा नाही, निळ्या आकाशाचा उजेड पडलेला असतो. उन्हाचा व्हाइट बॅलन्स ५,२०० ते ५,५०० केल्विन, सावलीचा ७,००० च्या घरात. सगळा फोटो पिवळा करू नका, मास्क लावून तेवढीच सावली ऊबदार करा. थोडा निळेपणा राहिला तरी हरकत नाही, दुपारची सावली निळसर असतेच.

कॅमेरा पिशवीत टाकण्याआधी

आयएसओ १०० वर. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन शून्यावर. मीटरिंग स्पॉटवरून नेहमीच्यावर. फोकस ऑटोवर. पोलरायझर काढून डबीत. आणि ब्रॅकेटिंग बंद, कारण ते चालू राहिलं तर दुसऱ्या दिवशी एखाद्या लग्नात दर तीन फोटोंतला एक काळाठिक्कर येतो, आणि तो हमखास मंगलाष्टकं संपून हार घालतानाचा असतो.